मुंगीला मुकादम नसतो
(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आळस या विषयावर चार शब्द बोला, असे मला सांगण्यात आले. सांगणारे पुष्कळ भेटले. एक बाई म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या थोरल्याच्या कानावर जाईल असं बोला." एका सासूबाईंनी सुनेसाठी बोलायला सांगितले. एका सुनेनेही सांगितले, पण कोणासाठी ते ती बोलली नाही. मंडळीतल्या एका वडिलांनी तर गावातल्या सगळ्या तरुणांसाठी सांगितले. पण "गुरुजी, माझ्या आळसावर बोला" असे म्हणणारा एकही माणूस भेटला नाही. आळस नेहमी शेजारच्या घरी राहतो. आपल्या घरी असते ती दमणूक.

म्हणून आधी एक गोष्ट साफ करू. आळशी कोण नाही, ते पाहू. दुसऱ्याला आळशी म्हणणे फार सोपे आहे, आणि पुष्कळदा ते खोटे असते.

प्रभू येशूने सांगितलेली द्राक्षमळ्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात ती आहे. मळ्याचा धनी पहाटे बाहेर पडतो आणि अड्ड्यावरून मजूर आणतो. पुन्हा नऊ वाजता जातो, बारा वाजता जातो, तीन वाजता जातो. संध्याकाळी पाचला जातो, तर तिथे अजून काही माणसे उभीच आहेत. तो विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे राहिलात? ते सांगतात, आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही. आता पाहा, धनी त्यांना आळशी म्हणत नाही. उपदेश करीत नाही. त्यांना कामाला पाठवतो, आणि तास भरला तरी मजुरी पुऱ्या दिवसाची देतो.

शहरात गेलात, तर मजूर अड्ड्यावर दहा वाजून गेल्यावरही डबा हातात धरून उभी असलेली माणसे दिसतात. त्यांच्यावरून जाणारा म्हणतो, "काम करायला नको यांना." अहो, काम नको असते तर तो पहाटे पाचला उठून आला असता काय? काम न मिळणे वेगळे आणि काम न करणे वेगळे.

थेस्सलनीकाच्या मंडळीला पौलाने लिहिले, की ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने जेवूही नये. हे वाक्य गरिबांच्या तोंडावर फेकायला लोकांना फार आवडते. पण नीट वाचा. पौल इच्छेबद्दल बोलतो आहे. ज्याला काम मिळत नाही, ज्याच्या अंगात ताकद नाही, त्याच्याबद्दल तो बोलत नाही. आणि हे लिहिणारा पौल स्वतः तंबू करणारा कारागीर होता. करिंथ शहरात अक्विला आणि प्रिस्किल्ला या नवराबायकोबरोबर तो हाच धंदा करून पोट भरीत असे. आयते खाऊन दुसऱ्याला कष्ट सांगणारा तो नव्हता.

आता ताकदीचे सांगतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गरीब शेतकरी फार आळशी आहेत, असे सगळे म्हणत. फिकट चेहऱ्याची माणसे, चार पावले चालली की बसणारी. मुले शाळेत पेंगणारी. १९०२ साली चार्ल्स स्टाइल्स नावाच्या एका शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की या लोकांच्या आतड्यात आकड्यासारखे बारीक जंत आहेत. ते आतून रक्त पितात. लोक उघड्यावर शौचाला बसत, अनवाणी चालत, आणि मातीतल्या अळ्या पायाच्या कातडीतून अंगात शिरत. वर्तमानपत्रांनी त्याला "आळसाचा जंतू" असे नाव दिले. पुढे १९०९ साली रॉकफेलर यांनी दहा लाख डॉलर देऊन या रोगावर मोहीम काढली. औषध दिले, संडास बांधायला शिकवले. ज्यांना आळशी म्हणत होते ती माणसे कामाला लागली. पिढ्यान् पिढ्या ज्याला स्वभाव म्हटले, तो रोग निघाला!

आपल्याकडे काय आहे? २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर आरोग्याची पाहणी केली. पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या दर शंभर बायांपैकी सत्तावन्न बायांच्या अंगात रक्त कमी आढळले. महाराष्ट्रात हा आकडा चोपन्न होता. म्हणजे निम्म्याहून जास्त. तेव्हा घरातली बाई दुपारी भिंतीला टेकून बसली, जिना चढताना धापा टाकू लागली, तर "आळशी झालीस" असे म्हणण्याआधी तिला दवाखान्यात नेऊन रक्त तपासा. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. जंताची गोळीही मिळते.

देवाचे वागणे कसे आहे पाहा. एलीया संदेष्टा रानात पळून गेला आणि एका झुडपाखाली पडून राहिला. पुरे झाले, आता मरण दे, असे म्हणाला. देवाने काय केले? दूत पाठवला. दूताने ऊठ, लाग कामाला, असे म्हटले नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवले. एलीयाने खाल्ले, आणि तो पुन्हा झोपला. दूताने झोपू दिले. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला दिले. मग तो चाळीस दिवस चालला. दमलेल्या माणसाला आधी भाकर, मग झोप, मग वाट. एखादा माणूस महिनोन् महिने उठत नसेल, कशातच त्याचे मन लागत नसेल, तर तोही आजार असू शकतो. त्यालाही डॉक्टरकडे न्यावे. त्यात लाज नाही.

इतके बाजूला काढल्यावर जो उरतो, तो खरा आळस. त्याच्याशी आता बोलू.

नीतिसूत्रांच्या पुस्तकात आळशी माणसाची चित्रे आहेत. वाचताना मला नेहमी हसू येते, आणि मग जरा वेळाने हसू थांबते. एक आळशी म्हणतो, बाहेर रस्त्यात सिंह आहे, मी कसा जाऊ? सिंह कोणी पाहिलेला नाही. पण सबब मोठी भारी! दुसरा अंथरुणावर असा वळतो, जसे दार बिजागरीवर फिरते. दार दिवसभर फिरते, पण चौकट सोडून कुठे जात नाही. तिसऱ्याचे तर काय सांगावे, त्याने ताटात हात घातला आहे आणि तो हात तोंडापर्यंत नेण्याचाही त्याला कंटाळा आहे.

आणि मग शेताचे चित्र येते. सांगणारा एका आळशाच्या शेताजवळून जातो. काटे माजलेले. खाजकुयलीने जमीन झाकलेली. दगडांचा बांध ढासळलेला. तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला कळेल. बांध एका दिवसात ढासळत नाही. आधी एक दगड निसटतो. तो त्याच दिवशी उचलून ठेवला तर काम अर्ध्या मिनिटाचे. उद्या ठेवू म्हटले, तर त्या खिंडीतून शेळी येते. शेळीमागून गुरे येतात. पावसात तिथूनच पाणी घुसते आणि माती घेऊन जाते. आळशी माणसाने शेत बुडवायचे असे कधी ठरवलेले नसते. थोडीशी झोप, थोडीशी डुलकी, इतकेच त्याने मागितलेले असते. सगळी गंमत त्या "थोडीशी"मध्ये आहे.

आता आपल्यातलीच एक गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. एका गृहस्थाचे वडील वारले. तीन भाऊ. जमीन साडेचार एकर. सातबारा वडिलांच्या नावावर. वारस नोंद करायची होती. जमिनीचा हक्क मिळाला की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावे, असा आपल्या राज्याचा महसुलाचा कायदा आहे. मृत्यूचा दाखला, अर्ज, वारसांची नावे, प्रतिज्ञापत्र, एवढेच काम. हा थोरला. दोघे भाऊ म्हणाले, "दादा, तू बघ." दादा म्हणाले, "उद्या जातो."

तो उद्या अकरा वर्षे चालला.

दरम्यान मधला भाऊ वारला. त्याची बायको मुलांना घेऊन माहेरी गेली, तिथून मुले सुरतेला गेली. धाकट्याचे थोरल्याशी बिनसले. पीककर्ज मागायला गेले तर बँक म्हणे, सातबारावर तुमचे नाव कुठे आहे? सरकारी मदत आली ती त्यांना सोडून गेली. जे काम तिघांच्या तीन सह्यांत झाले असते, त्याला आता सात जणांच्या सह्या लागत होत्या, आणि त्यांतले दोघे यांचे तोंड पाहायला तयार नव्हते.

सगळे गाव त्यांना आळशी म्हणे. बायको म्हणे, पोरे म्हणत. गंमत पाहा, हाच माणूस पहाटे चारला उठून दुसऱ्याच्या उसाला पाणी द्यायला जात असे. थंडीत, गुडघाभर चिखलात. आळशी माणूस असे करील काय? मला कोडे पडले. मी एकदा त्यांना बाजूला घेऊन विचारले. ते पुष्कळ वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, तिथं गेलं की ते कागद पुढं सरकवतात. म्हणतात, वाचा आणि सही करा. मागं लोक उभे असतात."

एवढेच. त्यांना वाचता येत नव्हते, आणि ते चारचौघांत कळू द्यायचे नव्हते. अकरा वर्षे तो सिंह रस्त्यात उभा होता.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तीन चाकरांची गोष्ट आहे. धनी परगावी जाताना त्यांना आपली दौलत सांभाळायला देतो. एकाला पाच तालांत, एकाला दोन, एकाला एक. तालांत हे तेव्हाचे वजनाचे आणि पैशाचे माप. एक तालांत म्हणजे सुमारे ६००० दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. आता पाट्या घ्या आणि हिशोब करा. वर्षातले ३०० दिवस काम मिळाले असे धरले, तर ६००० दिवसांना किती वर्षे? वीस वर्षे. म्हणजे ज्याला सगळ्यांत कमी मिळाले, त्यालाही वीस वर्षांची मजुरी मिळाली होती! आपण समजतो, त्याला काहीच मिळाले नव्हते. तसे नाही.

पहिल्या दोघांनी व्यापार करून दुप्पट केले. तिसऱ्याने जमिनीत खड्डा खणला आणि पैसा पुरून ठेवला. धनी परत आल्यावर तो काय म्हणतो, ते ध्यानात घ्या. मला कंटाळा आला, असे तो म्हणत नाही. मला भीती वाटली, असे म्हणतो. आणि धनी त्याला काय म्हणतो? आळशी म्हणतो. भीतीची गोष्ट सांगणाऱ्याला धनी आळशी म्हणतो, कारण बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पैसा जमिनीतच राहतो. खड्डा खणायलाही मेहनत लागते, बरं का. तेवढ्या मेहनतीत तो बाजाराला जाऊन आला असता. आपणही काम टाळण्यासाठी कितीतरी मेहनत करतो. त्या गृहस्थांनी अकरा वर्षे सबबी शोधल्या. तेवढ्या वेळात बाराखडी चार वेळा झाली असती.

तुमच्यातल्या कित्येकांना असेच वाटते. नातवंडांच्या वयाच्या मुलीसमोर बसून "क" काढायचा, हात थरथरतो, पलीकडची बाई हसते. मग एके दिवशी डोके दुखते. दुसऱ्या दिवशी पाहुणे येतात. तिसऱ्या दिवशी पाऊस. हजेरीच्या वहीत या पावसाळ्यात मला तेच दिसले. सव्वीस नावे आहेत, येतात अकरा. उरलेल्या पंधरांना मी आळशी म्हणणार नाही. पण इतके सांगतो, तुमचा तालांत अजून जमिनीतच आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचे नाव तुम्ही ऐकले असेल. कवी नारायण वामन टिळक यांची पत्नी. जन्म १८६८ चा. लहानपणी लग्न झाले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे त्या शिकल्या. नवऱ्याने शिकवले, आणि पुष्कळसे आपले आपण धडपडून. टिळक ख्रिस्ती झाले १८९५ साली, आणि लक्ष्मीबाई १९०० साली. टिळकांनी प्रभू येशूच्या जीवनावर "ख्रिस्तायन" नावाचे मोठे काव्य लिहायला घेतले होते. १९१९ साली ते वारले. काव्याचा थोडाच भाग झाला होता. लक्ष्मीबाईंचे वय पन्नासच्या वर. शाळेत कधी गेलेल्या नाहीत. एखादी म्हणाली असती, मला मेलीला काय येते? त्यांनी लेखणी उचलली आणि उरलेले काव्य लिहून काढले. आपल्या आयुष्याची हकीकतही त्यांनी लिहिली. "स्मृतिचित्रे" हे ते पुस्तक. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा त्या पासष्टीच्या पुढे होत्या. आज मराठीत ज्याला चांगली पुस्तके ठाऊक आहेत, तो हे पुस्तक सोडीत नाही. तुम्ही जोडाक्षरे नीट वाचू लागलात, की आपण त्यातली पाने वर्गात वाचू. हसून पोट दुखेल.

आता पुरुषांना थोडे बोलतो. रागावू नका.

नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात सद्गुणी स्त्रीचे वर्णन आहे. ती रात्र आहे तोच उठते, घरच्यांना अन्न देते, शेत पाहून विकत घेते, चाती फिरवते, तिचा दिवा विझत नाही. हा अध्याय लग्नात आणि वाढदिवसाला आवर्जून वाचतात. नवरे तर फार प्रेमाने वाचतात. पण त्याच अध्यायात तिचा नवराही आहे, तो वेशीत वडीलधाऱ्यांमध्ये बसलेला आहे. आमच्या एका मित्राने मला विचारले, "मग आम्ही पारावर बसतो त्यात वाईट काय? शास्त्रातच आहे." मी म्हटले, त्या काळी वेशीत न्यायनिवाडा होत असे. तो कामासाठी बसत होता. तुमच्या पारावर काय होते ते सांगा! तंबाखूची देवघेव आणि मोबाईलवर दुसऱ्याचे नाच. घरात पाण्याचे हंडे कोण भरते? हंडा रिकामा दिसला, हात रिकामे आहेत, आणि तरी उठलो नाही, हा आळस आहे. तो दमणुकीच्या नावावर खपणार नाही. ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतले, ते काम घरातल्या चाकराचे होते. आपल्याला पाण्याचा हंडा जड का व्हावा?

बायांमध्ये आळस नसतो असे नाही. पण तो वेगळा असतो, आणि त्यावर बोलायला बाईच बोलवा.

आळस केव्हा येतो, याचाही जुन्या ख्रिस्ती लोकांनी फार बारीक विचार केला होता. सोळाशे वर्षांपूर्वी इजिप्तच्या वाळवंटात पुष्कळ संन्यासी राहत. त्यांच्यात इवाग्रियस नावाचा एक होता. तो ३९९ साली वारला. त्याने लिहून ठेवले आहे, की कंटाळ्याचा दुष्टात्मा भर दुपारी येतो. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते. दिवस पन्नास तासांचा झाला असे वाटते. संन्यासी पुन्हा पुन्हा खोलीच्या बाहेर डोकावतो, जेवायची वेळ झाली का पाहतो. कोणी भेटायला येते का पाहतो. मग त्याला वाटू लागते, ही जागाच वाईट, हा धंदाच वाईट, दुसरीकडे गेलो तर सगळे बरे होईल.

हे वाळवंटातले वर्णन मला तरी आपल्याच ओट्यावरचे वाटते. फरक इतकाच, की त्याला डोकावायला खिडकी होती आणि आपल्याला हातातला मोबाईल आहे. खिडकीबाहेर निदान वाळूच दिसत होती, त्यामुळे तो लवकर परत येई. मोबाईलमध्ये काही ना काही दिसतच राहते. मी मोबाईलच्या विरुद्ध नाही. हवामान कळते, सातबारा पाहता येतो, लेक दूर असली तर तिचे तोंड दिसते. पण काम सुरू करायच्या आधी तो हातात घेऊ नये. घेतलाच, तर काम उद्यावर गेले असे समजा.

याच वाळवंटात अंतोनी नावाचा थोर साधू होऊन गेला. त्याचीही एक गोष्ट सांगतात. त्यालाही एकदा फार कंटाळा आला. प्रार्थनेत मन लागेना. देवा, मी करू तरी काय, असे तो म्हणाला. बाहेर आला तर त्याला आपल्यासारखाच एक माणूस दिसला. तो बसून दोरी वळत होता. थोड्या वेळाने उठून प्रार्थना करी, पुन्हा बसून दोरी वळी. तो देवाचा दूत होता, आणि त्याने सांगितले, असेच कर म्हणजे सुटशील. दूताने काही मोठे व्रत सांगितले नाही, बरं का! थोडी दोरी, थोडी प्रार्थना, पुन्हा थोडी दोरी. मन लागेल तेव्हा काम करू, असे म्हणणाऱ्याचे मन लागत नाही. हात लागला की मन मागून येते. गुरे पुढे गेली की वासरू येते, तसे.

मला हीच गोष्ट सगळ्यांत कामाची वाटते. डोंगर उचलायचा म्हटला, तर माणूस खालीच बसतो. एक पाटी उचलायला मात्र हरकत नसते. वही रात्रीच उशाशी काढून ठेवा. खुरपे दाराशी ठेवा. तलाठ्याकडे जायचे तर कागद आदल्या रात्री पिशवीत भरून पिशवी खुंटीला लावा. सकाळी विचार करायला वेळ ठेवू नका. आळस विचारातच घर करतो.

विल्यम कॅरी नावाचा एक इंग्रज होता. जन्म १७६१ चा. धंद्याने चांभार. शिकण्याची हौस दांडगी. १७९३ साली तो बंगालमध्ये आला आणि पुढे श्रीरामपूरला राहिला. आपल्या नगरकडचे श्रीरामपूर नव्हे, कलकत्त्याजवळचे. त्याने मराठी भाषेचे व्याकरण लिहिले, ते १८०५ साली छापले. वैजनाथ नावाच्या पंडितांची त्याला मदत होती. १८१० साली मराठीचा शब्दकोश छापला. आणखी कितीतरी भाषांत शास्त्राचे भाषांतर चालले होते. आणि १८१२ सालच्या मार्च महिन्यात एका रात्री छापखान्याला आग लागली. कागद जळला, हाताने लिहिलेली भाषांतरे जळली, खिळे वितळले. वर्षांवर्षांची मेहनत एका रात्रीत राख झाली.

तुम्ही-आम्ही काय केले असते? कपाळाला हात लावून बसलो असतो, आणि कोणी नावेही ठेवली नसती. कॅरीने आणि त्याच्या सोबत्यांनी राख उपसली. वितळलेल्या शिशाचे गोळे शोधून काढले, आणि त्याच शिशाचे नवे खिळे ओतायला घेतले. छापायची यंत्रे वाचली होती, ती दुसऱ्या जागी मांडली. जळालेली भाषांतरे तो पुन्हा लिहायला बसला. आपल्या पुतण्याला तो सांगे, की मी हुशार वगैरे काही नाही, मला फक्त एक काम धरले की रेटत राहणे जमते. चांभाराला ते ठाऊक असणारच. जोडा एका टाक्याने होत नाही.

केडगावच्या पंडिता रमाबाईंचेही तसेच. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सगळे पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले. कित्येक वर्षे ते काम चालले. आश्रमात शेकडो बाया-मुली, दुष्काळातून आणलेल्या. त्यांचे अन्न, आजारपण, शिक्षण सांभाळून हे काम. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तरी काम थांबले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई वारल्या, आणि १९२४ साली संपूर्ण शास्त्र छापून निघाले. साध्या बायांना वाचता यावे, म्हणून त्यांनी भाषा सोपी ठेवली. ज्यांच्यासाठी त्यांनी ती सोपी ठेवली, त्या आज या सतरंजीवर बसल्या आहेत.

आता विश्रांतीबद्दल एक शब्द सांगितला नाही, तर माझे बोलणे लंगडे होईल. देवाने आज्ञा दिली ती सहा दिवस कामाची आणि सातव्या दिवशी विसाव्याची. चाकराला, परक्याला, बैलालासुद्धा विसावा. वादळात नाव हेलकावत असताना प्रभू येशू उशीवर डोके ठेवून झोपला होता. तो आळशी होता काय? दिवसभर लोकांत राबून दमला होता. म्हणून रविवारी दुपारी जो झोपतो, त्याला उठवू नका. सोमवारी दुपारी तोच झोपला तर मात्र हाक मारा.

आणि ती मुंगी. शलमोन म्हणतो, आळशी माणसा, मुंगीकडे जा. मुंगीत त्याला काय दिसले? तिच्यावर कोणी धनी नाही, कोणी देखरेख करणारा नाही. आपल्या भाषेत बोलायचे तर मुंगीला मुकादम नसतो. तुमच्यातले कित्येक जण तोडणीला जातात. मुकादमाची हाक आली की अंधारात उठता, कोयता घेता, गाडी भरता. त्या वेळी आळस कुठे जातो? म्हणजे उठण्याची ताकद तुमच्यात आहे. ती तुम्ही मुकादमाच्या उचलीपायी देता. आपल्या स्वतःच्या कामाला, आपल्या सातबाराला, आपल्या पोरीच्या शाळेला, आपल्या वहीला हाक मारणारा मुकादम नसतो. तिथे आपणच आपल्याला हाक मारायची असते. मुंगी तेच करते. दाणा तिच्याहून मोठा असतो. ती तो ओढते, सोडते, पुन्हा धरते. मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. मास्तरकी सुटल्यावर मुंग्या पाहायला वेळ मिळतो.

त्या थोरल्या गृहस्थांचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. ते दोन वर्षे वर्गाला आले. जोडाक्षरांना फार त्रास झाला. "प्रतिज्ञापत्र" हा शब्द त्यांनी चाळीस वेळा लिहिला, कारण तोच त्यांना हवा होता. मग एक दिवस पिशवी घेऊन गेले, मागे लोक उभे होते तरी अर्ज सावकाश वाचला आणि सही केली. नोंद अजून झालेली नाही. सुरतेच्या पुतण्यांनी सह्या पाठवल्या. धाकटा भाऊ अजून बोलत नाही. नाताळात ते स्वतः त्याच्या दारी जाणार आहेत.

सोमवारी वर्ग नेहमीप्रमाणे साडेसातला आहे. वारस नोंदीच्या अर्जाचा नमुना मी घेऊन येतो. तोच धडा म्हणून वाचू. ज्यांच्या घरी अशी नोंद राहिली आहे, त्यांनी मृत्यूचा दाखला आणि जुना सातबारा बरोबर आणावा. जे पंधरा जण आज आले नाहीत, त्यांच्या घरावरून जाताना हाक मारा. आळशी म्हणू नका. नुसती हाक मारा, आणि म्हणा, गुरुजींनी पाटी ठेवली आहे.